चंदू यायचाय

आमच्या बालवाडीला रंग लावून द्यायला घाटकोपरच्या पंख्यांच्या कंपनीतली माणसं येणार, हे कळलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. खोटं कशाला बोलू? माहुल गावातल्या महिला मंडळाची ही बालवाडी म्हणजे पत्र्याखालची एक खोली. भिंतींना पोपडे, दाराला कडी नाही, आणि पोरांना बसायला गोणपाट, त्याला सुकटीचा वास. मी तिथली बाई, शेवंती. मॅट्रिक झाल्यापासून गावातली पोरं सांभाळते आणि त्यांच्या आयांची भांडणंही सोडवते. त्यामुळे माझी जीभ थोडी तिखट झाली आहे असं लोक म्हणतात. थोडी नाही, चांगलीच झाली आहे.

कंपनीकडून सगळं ठरवायला यायची ती रत्नप्रभा. पर्सोनेल खात्यात क्लार्क, राहायला भांडुप, मूळची मालवणकडची. वडील गिरणीत होते, ती लहान असतानाच ते वारले. दर संक्रांतीला कंपनीतल्या बायका कॅन्टीनमध्ये हळदीकुंकू करायच्या, डबे आणि चमचे वाण म्हणून वाटायच्या. या वर्षी हिने मॅनेजरसाहेबांना पटवलं की तेच हळदीकुंकू एखाद्या गरजू संस्थेत करू, आणि त्या दिवशी सगळ्या स्टाफने तिथे श्रमदानही करायचं. साहेबांना कल्पना आवडली. हेड ऑफिसला फोटो पाठवता येतात ना.

पण रत्नप्रभाला फोटोंचं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. ती दर शनिवारी हाफ डे झाला की यायची, भिंती मोजायची, पोरांशी बोलायची, आमच्यात बसून बोंबलाचं कालवण आणि भाकरी खायची. नाकाला पदर लावून बोलणाऱ्या समाजसेविका मी पुष्कळ पाहिल्यात. ही तसली नव्हती.

"शेवंती, रंग तर झालाच. अजून काय पाहिजे ते सांग गं," ती एकदा म्हणाली.

"संडासाला दार पाहिजे," मी म्हटलं. "तुमच्या साहेबांना त्याचा फोटो काढता येणार नाही, पण पाहिजे."

ती खो खो हसली, आणि तिने दार मंजूर करून आणलं. मग मला ती आवडायलाच लागली.

आता सरूबाईबद्दल सांगायला हवं.

सरूबाईचा नवरा चंदू. नारळी पौर्णिमा होऊन थोडेच दिवस झाले होते, वाऱ्याचं काही खरं नव्हतं, तरी हा खाडीतली जाळी बघायला होडीतून एकटाच गेला. होडी मिळाली, घारापुरीच्या खडकांपाशी, उलटी झालेली. चंदू मिळाला नाही. गावच्या होड्या दिवसच्या दिवस खाडी पालथी घालत राहिल्या. समुद्र माणूस नेतो तसा बहुतेक वेळा परतही आणून टाकतो, ते बघणं वाईट असतं, पण निदान संपतं. चंदूचं तसं झालं नाही. शेवटी त्याची आई पुतळाबाई जेट्टीवर उभी राहिली आणि शोधून परतलेल्या माणसांना म्हणाली, "माजा पोर मना दावा, मंग बोला. तवर कुनी तो शबूद तोंडातनं काढायचा नाय."

कुणी काढला नाही. चंदू कुठे आहे असं कुणी विचारलं की गावातलं लहान पोरसुद्धा सांगायचं, "यायचाय." चेंबूरच्या बाजारातल्या कोळणी सांगायच्या, "यायचाय." देवळातला पुजारी, किराणावाला, मी, आम्ही सगळे तेच सांगायचो. पुतळाबाई स्वतः दिवसातून कितीदा तरी कुणालातरी मुद्दाम विचारायची, "चंदू कवा येतोय रं?" आणि समोरच्याने न अडखळता उत्तर द्यायचं. त्या उत्तरावर म्हातारी जेवायची, झोपायची.

आणि सरूबाई त्या उत्तरावर पोट भरायची. खाडीत जाळी बांधायला रोवलेले खुंट असतात, त्यांची जागा घराण्यात वाडवडिलांपासून चालत येते. अर्धे खुंट चंदूचे, अर्धे त्याचा धाकटा भाऊ भिकाजी याचे. आता दोघांचं जाळं भिकाजीच ओढायचा, पण जेट्टीवर आला की चंदूच्या वाट्याची मासळीची पाटी सरूबाईपुढे ठेवायचा. ती पाटी डोक्यावर घेऊन ती चेंबूरला विकायला बसायची. चंदू यायचाय तोवर ती चंदूची बायको, पाटी तिची, अर्धं घर तिचं. चंदू गेला म्हटलं की ती पोर नसलेली विधवा, तिला खाडीपलीकडे करंजाला भावाच्या दारात नेऊन सोडायची. कायदा काय म्हणतो ते मला विचारू नका. जेट्टीवर कायद्याची पुस्तकं कुणी उघडत नाही.

भिकाजी वाईट माणूस नव्हता. हेही सांगायलाच हवं, मला त्याचा कितीही राग आला तरी. खाडीत मासळी उरली नव्हती, जाळ्यात निम्मा चिखल यायचा, त्याला स्वतःची दोन पोरं. एकदा माझ्याकडे पोर सोडायला आला आणि दारातच उभा राहिला.

"शेवंतीबाय, मी दोन घरांचं जालं वढतंय. किती दीस वढू?"

"चंदू येईपर्यंत," मी म्हटलं.

त्याने पोराचा हात सोडला आणि तो निघून गेला.

श्रमदानाचा दिवस रथसप्तमीच्या आधीचा रविवार. सकाळीच कंपनीची बस आली. बसला कापडी फलक, माणसांच्या डोक्यांवर पांढऱ्या टोप्या, बायकांच्या हातांत नव्या कोऱ्या झाडण्या. हिशोबाच्या खात्यातल्या एका जाड्या गृहस्थांनी अंगात आल्यासारख्या भिंती घासल्या आणि दुपारपर्यंत आडवे झाले. जेट्टीवरचा कचरा गोळा करायला गेलेल्या तुकडीने कुणाची तरी चांगली दोरी कचरा म्हणून उचलली, त्यावरून थोडी बोलाचाली झाली. बाकी सगळं झकास चाललं होतं. भिंतीवर ससा आला, कासव आलं, कासव डुकरासारखं दिसत होतं तरी पोरं खूश होती. संडासाला हिरवं दार लागलं. जन्मात पहिल्यांदा आमची बालवाडी कुणालातरी दाखवण्यासारखी दिसत होती, आणि मी उगाच आत-बाहेर करत होते.

दुपारी देवळासमोर मांडव. तिथे हळदीकुंकू. लाउडस्पीकरची सोय भिकाजीने केली होती. त्यासाठी तो आदल्या आठवड्यात एकदा रत्नप्रभाला भेटायला कंपनीतही जाऊन आला होता. तिथे काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. रत्नप्रभाच्या मनात एक नवीन गोष्ट आली होती: नुसत्या सवाष्णींना कुंकू लावायचं नाही, गावातल्या विधवांना व्यासपीठावर बोलवून आधी त्यांना लावायचं, साडी द्यायची, मान द्यायचा. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून तिने हे मला सांगितलं नाही. गावातलाच भला माणूस समोर बसलाय म्हणून विधवांची नावं तिने भिकाजीला विचारली. आणि भिकाजीने ती सांगितली.

साहेबांचं भाषण झालं. मग रत्नप्रभा उभी राहिली. मी मागे चहाच्या स्टोव्हपाशी होते.

"मी सात-आठ वर्षांची होते," ती म्हणाली, "तेव्हा चाळीत हळदीकुंकू असलं की आई मला नवीन परकर नेसवून पाठवायची आणि स्वतः आतल्या खोलीत दार लोटून बसायची. मी परत येऊन तिला तिळगूळ द्यायचे. ती विचारायची, कोण कोण आलं होतं गं? मी सगळ्यांची नावं सांगायचे. त्यात तिचं नाव कधीच नसायचं." "आज इथे कुणीही आतल्या खोलीत बसणार नाही."

आमच्या बायका पुढे सरकून ऐकत होत्या. आणि तिने पहिलं नाव पुकारलं ते पुतळाबाईचं.

म्हातारी आधी हललीच नाही. मग दोघींनी उठवलं. वीसेक वर्षं कोऱ्या असलेल्या त्या कपाळावर रत्नप्रभाने कुंकू लावलं, खांद्यावर साडी ठेवली आणि वाकून नमस्कार केला. पुतळाबाईने तोंडावर हात धरला आणि हाताच्या आडून ती हसली. चंदू गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. पाठोपाठ सुकट विकणारी एक म्हातारी गेली, तिलाही कुंकू लावलं. मला रडू आलं. चहा उतू गेला तरी मी बघतच राहिले. या बाईने आमच्या गावात हे केलं, असं मला अभिमानाने वाटत होतं.

"आणि आता," रत्नप्रभा म्हणाली, "सरूबाई चंदू कोळी."

मी ओरडले, "ओ बाई! थांबा!" पण लाउडस्पीकरपुढे माझं काय ऐकू जाणार. मी माणसांतून वाट काढायला लागले. मांडव गच्च भरलेला, मांडीला मांडी लावून बसलेल्या बायका, पाय ठेवायला जागा नाही.

सरूबाई पुढच्या रांगेत बसली होती. ती उठली नाही. खाली मान घालून बसून राहिली. रत्नप्रभाला वाटलं, बिचारी लाजतेय. तिने माइक घेतला, दुसऱ्या हातात कुंकवाचं तबक, आणि ती स्वतःच खाली उतरली. सरूबाईच्या हनुवटीला हात लावून तिने तिचा चेहरा वर केला. आणि तिच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू तिला दिसलं.

एखादीने तिथे विचार केला असता. रत्नप्रभाचे डोळे भरून आले.

"बघा!" ती माइकमध्ये म्हणाली. "बघा सगळ्यांनी! नवरा समुद्रात गेला, तरी या माझ्या बहिणीने कुंकू पुसलं नाही! बांगड्या फोडल्या नाहीत! आम्ही शिकलेल्या बायका भाषणं करतो, हिने करून दाखवलं. मला सांगा, हिच्यासाठी टाळ्या नकोत?"

कंपनीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. कडकडून वाजवल्या. गावातल्या एकाही माणसाने हात उचलला नाही. भिकाजी अॅम्प्लिफायरपाशी उभा होता, त्याचा हात बटणावर होता. त्याला ते बंद करता आलं असतं. तो जमिनीकडे बघत होता.

पुतळाबाई अजून व्यासपीठावरच होती, खांद्यावर नवी साडी, कपाळावर ओलं कुंकू.

"कोन गेला?" तिने विचारलं.

टाळ्या थांबल्या.

"कोन गेला गं? चंदू कवा येतोय?"

आजवर हा प्रश्न आला की उत्तर तयार असायचं. त्या दिवशी कुणाचंच तोंड उघडलं नाही. माझंही नाही, मी मांडवाच्या मध्यावर बायकांच्या गुडघ्यांत अडकले होते आणि माझी तिखट जीभ टाळूला चिकटली होती. लाउडस्पीकरवरून एकदा सांगून झाल्यावर "यायचाय" कसं म्हणायचं? म्हातारीने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. आणि मग तिने हाक फोडली. आमच्यात माणूस गेला की आई जी हाक फोडते ती. इतके महिने तिने ती छातीत दाबून ठेवली होती. ती ऐकली आणि सगळ्या मांडवातल्या बायकांनी पदर तोंडावर घेऊन गळा काढला, कारण आईने हाक दिल्यावर बाकीच्यांनी गप्प राहायचं नसतं.

कंपनीच्या बायकांना वाटलं, सत्काराने गाव गहिवरलं. त्यांनीही रुमाल काढले. फोटो काढणाऱ्याने दोन-तीन फोटो काढले.

मी रत्नप्रभापर्यंत पोचले आणि तिचा दंड धरून गदागदा हलवला. "काय केलंस गं बये? चंदू मिळालेला नाही! गावात कुणी त्याला गेला म्हणत नाही! हिचं सगळं घर त्याच्यावर उभं आहे!"

"पण मला तर भिकाजींनी..." ती म्हणाली, आणि तिला सगळं कळलं. मला तिला थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि तिची दयाही येत होती, दोन्ही एकदमच.

ती चांगली बाई होती. चांगल्या बाईला आपली चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची असते. मी काही म्हणायच्या आत तिने माइक तोंडाशी धरला.

"ऐका! कृपा करून ऐका! माझी चूक झाली. मला चुकीची माहिती मिळाली. चंदूभाऊ गेलेले नाहीत. चंदूभाऊ आहेत!"

रडणं थांबलं. सगळ्यांत आधी पुतळाबाईचं. ती व्यासपीठावरून जवळजवळ पडत खाली आली आणि तिने रत्नप्रभाचे दोन्ही हात पकडले.

"कुटं हाय?"

रत्नप्रभा एक पाऊल मागे सरली.

"कुटं हाय माजा पोर? तुना दिसला? तुमच्या कंपनीत हाय? घाटकोपरला हाय? सांग ना बाय. जेवतो का? बरा हाय ना?"

"नाही, म्हणजे मी... तसं नाही..." रत्नप्रभाला शहरी बोलणं सुचेना. "माका म्हायत नाय गो, आये," ती रडत म्हणाली. "माका खरंच काय म्हायत नाय."

पण पुतळाबाई ऐकायच्या पलीकडे गेली होती. लाउडस्पीकरने सांगितलं होतं, साहेबांसमोर, सगळ्या गावासमोर. तिने नव्या साडीची घडी छातीशी धरली आणि ती मांडवातून बाहेर निघाली, तरातरा, कंपनीच्या बसकडे. लोक बाजूला झाले. तिला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही. मॅनेजरसाहेबसुद्धा हातातली बशी तशीच धरून मागे सरकले. ती बसची पायरी चढली आणि दाराजवळच्या सीटवर बसली.

"चला," ती ड्रायव्हरला म्हणाली. "मना माज्या पोराकडं न्या." मग खिडकीतून ओरडली, "सरू! चंदूचा सदरा घे गं! तो गेला तवा अंगावर फाटका व्हता!"

ड्रायव्हर बिचारा आमच्याकडे बघत होता. रत्नप्रभा मटकन खाली बसली होती, तबक कलंडून कुंकू तिच्या साडीवर सांडलं होतं. भिकाजी बसपाशी धावत आला आणि "आई, आई" करत राहिला, त्याच्या तोंडून पुढचा शब्द निघेना. तोच शब्द त्याला इतके दिवस हवा होता आणि आता तो त्याला म्हणता येत नव्हता. मलाही येत नव्हता.

सरूबाई मांडवातून सावकाश आली. बसमध्ये चढली. सासूपुढे पायरीवर उकिडवी बसली.

"आई, उतर."

"सदरा कुटं हाय?"

"आई, माज्याकडं बघ. यांना कुनाला काय म्हाईत नाय. त्या बायला बी नाय."

"ती बोलली, हाय."

"ती माज्यासाठी बोलली." सरूबाईने म्हातारीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "आई, तो नाय. तो त्याच दिवशी गेला. होडी घावली तवाच मना कललं. तू जेवत नव्हतीस म्हनून मी बोलली नाय."

मग तिने पदराचं टोक घेतलं आणि आपल्या कपाळावरचं कुंकू पुसलं. नीट पुसलं, दोनदा, सासूला दिसेल असा चेहरा पुढे करून. आमच्यात हे काम दुसऱ्या बायका करतात, तिला धरून, रडत-रडत. तिने स्वतःच केलं. बाहेर पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं उभी होती.

पुतळाबाईने बोट पुढे करून ते कोरं कपाळ चाचपून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग ती सरूबाईच्या खांद्यावर कोसळली. सरूबाईने तिला उठवलं, कमरेला हात घालून पायरीवरून उतरवलं. भिकाजी मदतीला पुढे झाला.

"भावजी," सरूबाई त्याला म्हणाली, "आईला आजची रात मी बघतंय. उद्या मना करंजाला सोडा."

भिकाजी रडत होता. त्याने पालथ्या हाताने नाक पुसलं.

"सकालच्या भरतीला निघू," तो म्हणाला.